ओटीजी बंद

"सिस्टर, ह्या पोरीच्या कानात कायतरी चाललंय बगा. दोन रोज झालं, डोळ्याला डोळा न्हाय तिच्या."

मी मान वर केली आणि पहिल्यांदा रुमाल नाकाला लावला. टेबलासमोर एक मेंढपाळ बाई उभी होती. तिच्या कमरेला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी, मान एका बाजूला कलती ठेवून. दोघींच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता. ओली लोकर, लेंड्या, आंबट ताक असा सगळा मिळून. त्या वासात आणखी एक गोडसर, कुजका वास मिसळलेला होता, पण मी म्हटलं, हाही मेंढरांचाच असणार. वासांची वाटणी करत बसण्याइतकं तिथं मला थांबायचंच नव्हतं.

"नाव काय?"

"माजं सुंदराबाई. हिचं मायाक्का. मायू म्हंतो आमी."

"गावातल्याच का?"

"न्हाय वो. तिकडं पाटलाच्या रानात मेंढरं बसवल्यात. चार रोज हाय मुक्काम. माइकवर आईकलं, कानाची मशीन आलीया, फुकाट बगत्यात, म्हून आलो."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गावच्या समाजमंदिराच्या ओसरीवर आमचं टेबल मांडलेलं, त्यावर पांढरी चादर, मागे 'मोफत कर्णतपासणी शिबिर' असा कापडी फलक. टेबलावर स्टँडला लावलेला टॅब, पडदा लोकांच्या बाजूला कललेला. मी पांढऱ्या कोटात. गर्दी बरी होती. त्यात म्हातारे जास्त, आणि कामधंदा नसलेले त्याहून जास्त. दुपारचं जेवण नुकतंच उरकलं होतं आणि रसाळ सर बाटल्यांचे खोके काढायला गाडीकडे गेले होते.

"बस इथं," मी मायूला म्हटलं. "मान हलवायची नाही."

ती स्टुलावर बसली. कान नुकतेच टोचलेले असावेत, कारण दोन्ही पाळ्यांत लिंबाची काडी घातलेली होती. डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत काहीतरी ओघळून वाळलेलं. मी तिकडे पाहिलं न पाहिलं केलं, दोन बोटांच्या चिमटीत ती बारीक नळी धरली, तिची वायर टॅबच्या चार्जिंगच्या खाचेत लोकांना दिसेल अशी सावकाश खोचली. नळीच्या टोकाचे दिवे लागले. आता बघणारे पुढे सरकले.

नळी कानाशी नेली. पडदा एकदा लुकलुकला. पहिल्यांदा काहीतरी तपकिरी ओंडक्यासारखं आडवं दिसलं आणि गेलं. मग लाल. मग पांढरं.

पांढरं हलत होतं.

एक अळी नव्हती, कितीतरी होत्या. एकमेकींवर चढत, आत तोंड खुपसून, शेपट्या वर करून. मध्येच त्यांच्यातून पातळ तांबूस पाणी बुडबुडत वर येत होतं. सगळ्या वळवळत होत्या आणि पडदा मोठा असल्यामुळे एकेक अळी करंगळीएवढी दिसत होती.

"अगं आई गं!" मागून कोणीतरी म्हणालं. एक म्हातारा तोंड फिरवून भिंतीकडे गेला. दोन बायकांनी पदर तोंडात धरला. माझ्या स्वतःच्या घशाशी जेवण आलं. सर सकाळी म्हणालेच होते, आज नवीन आहे, बघ, ओकारी येईल. आली.

पण तोंड माझं सवयीनं चालू होतं.

"बघा! नीट बघून घ्या. बाहेरून कान स्वच्छ, आणि आत हा संसार. ही कीड कानातून डोक्यात जाते. आज हिच्या कानात आहे, उद्या तुमच्या नसेल कशावरून? कोण कोण रोज कान साफ करतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तो कधीच होत नसे.

सुंदराबाई मात्र तोंड न फिरवता पडद्याकडे बघत होती. घाबरली होती, पण तिला किळस आलेली दिसत नव्हती. ती वाकून अगदी जवळून बघत होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "ह्या तर आळ्या हायत. मेंढराच्या जखमंत पडत्यात, तसल्या. माशी बसली की पडत्यात. हिचा कान फुटला व्हता मागल्या पंदरवड्यात, त्यात माशी बसली आसंल. आमी मेंढराला सीताफळाचा पाला ठेचून रस पिळतो जखमंत, भाईर येत्यात समद्या. हिला घालू का?"

मला तिचा राग आला. मशीन माझं, कोट माझा, आणि ही शिकवणार.

"मेंढरं आणि माणसं एक आहेत का हो, बाई?" मी म्हटलं. "म्हणजे उद्या आजारी पडलात की जनावरांच्या डॉक्टरकडे जाणार?"

लोक खो खो हसले. इतकं भयंकर बघितल्यावर त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. सुंदराबाईपण हसली, ओशाळून. मायू तेवढी हसली नाही.

मग मी आमचे 'कर्णतृप्ती' थेंब मायूच्या कानात सोडले, वर कापसाचा घट्ट बोळा बसवला आणि चिंधीची पट्टी डोक्याभोवती बांधली. हे करताना श्वास रोखून धरला होता. मायू कळवळली. तिनं माझं मनगट धरलं, तर मी ते सोडवून घेतलं आणि कोटाला पुसलं.

"सात दिवस बोळा काढायचा नाही. कोणाला दाखवायचा नाही. हवा लागली की औषधाचा गुण गेला. पाला-बिला तर अजिबात घालायचा नाही. कळलं?"

"व्हय, सिस्टर. सात दिस."

तेवढ्यात सर खोके घेऊन आले. त्या दिवशी पुढे तपासणी झालीच नाही. कोणाला स्टुलावर बसायचं नव्हतं, सगळ्यांना नुसत्या बाटल्या हव्या होत्या. अर्ध्या तासात खोके रिकामे. मी नळी स्पिरिटनं पुसून, डबीत घालून, हात तीन वेळा धुतले.

*

माझी किळस घरात प्रसिद्ध होती. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी पीत नसे, बसमधल्या दांडीला रुमाल गुंडाळून धरत असे. भाऊ मला 'सोवळ्यातली आजी' म्हणायचा. तरी वडिलांच्या हौसेखातर नर्सिंगला गेले. सहा महिन्यांत एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडायची पाळी आली, आत पू होता, आणि मी वॉर्डातच भडाभडा ओकले. त्या म्हाताऱ्याचं तोंड अजून आठवतं. तो मलाच सॉरी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी मी कॉलेज सोडलं.

रसाळ सरांना अशीच मुलगी हवी होती. चार औषधांची नावं येणारी, कोट शोभणारी, आणि कोणाच्या अंगाला हात लावायची हौस नसणारी. आधी त्यांचं बसस्टँडजवळ मोबाइलच्या कव्हरांचं, चार्जरचं दुकान होतं. फोनच्या त्या इवल्याशा खाचेत काय काय जोडता येतं, हे त्यांना पाठ होतं. पेनड्राइव्ह, माउस, माइक, चिमुकला पंखा. एकदा कुठून तरी हा कान बघायचा कॅमेरा हाती लागला आणि सरांना धंदा सुचला.

पण कॅमेऱ्यानं त्यांचा हिरमोड केला. लोकांच्या कानात फारसं काही नसतं. खरं चित्र यायचं धुरकट, त्यात दोन केस आणि पिवळट मळाचा ठिपका. ते बघून लोक "बरंय म्हणजे" म्हणायचे आणि घरी जायचे.

मग सरांनी टॅबमध्ये चार व्हिडिओ भरले. एक नंबर काळा मळ. दोन नंबर बुरशी. तीन नंबर किडा. चार नंबर चकचकीत गुलाबी कान, औषध घातल्यानंतरचा. वायरीला दोन फाटे होते. एक टॅबला खोचायचा, तो नुसता दाखवायला. दुसरा चादरीखालून पॉवर बँकेला, म्हणजे नळीचे दिवे लागायचे. टॅबला बाहेरची वस्तू जोडायची तर सेटिंगमध्ये ओटीजी म्हणून एक बटण असतं, ते चालू करावं लागतं. ते चालू असलं, की कॅमेरा जोडल्याबरोबर त्याचं खरं चित्र आपोआप पडद्यावर येतं. म्हणून ते कायम बंद ठेवायचं. सर रोज सकाळी मला विचारायचे, "ओटीजी बंद?" मी म्हणायचे, "बंद." ते म्हणायचे, "ओटीजी बंद, धंदा चालू." आणि आम्ही हसायचो.

"दुखतंय म्हणून माणूस औषध घेत नाही, प्रणिता," ते सांगायचे. "दुखणं तो सोसतो. किळस त्याला सोसत नाही."

थेंब म्हणजे खोबरेल तेल, कापूर आणि खायचा हिरवा रंग. बाटल्या मीच भरायचे. आणि सात दिवसांचं पथ्य एवढ्यासाठी, की सात दिवसांत आम्ही दोन तालुके ओलांडलेले असायचो.

हे सगळं मला माहीत होतं. मला फसवून कामाला लावलेलं नव्हतं. उलट, तीन नंबरच्या वेळी माझ्या तोंडावर जी किळस यायची ती अस्सल असायची, म्हणून सर माझ्यावर खूश होते.

*

गावातून निघालो तेव्हा चार वाजले होते. सर गाडी चालवता चालवता शीळ घालत होते.

"आज काय केलंस काय? खोके उघडायला वेळ मिळेना मला."

"तुमच्या नव्या व्हिडिओची कमाल," मी म्हटलं. "फार घाणेरडा आहे हो, सर. मलाच मळमळलं. कुठून मिळवलात?"

"नवा कुठला?"

"तुम्ही सकाळी म्हणालात तो. जेवताना टॅबला पेनड्राइव्ह लावला होतात ना?"

"तो होय? लावला होता, पण पेनड्राइव्हच मेलेला निघाला. एक फाइल उघडली नाही. उद्या दुसरा आणतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"मग आज काय दिसलं?"

"तीन नंबर लावला असशील."

लावला मी तीनच होता, पण दिसलं वेगळं, म्हणून वाटलं, सरांनी त्याच जागी नवा भरलाय. तीन नंबर मला पाठ होता. त्यातला कान गोऱ्या माणसाचा. त्यात किडा एकच, आणि थोड्या वेळानं उजवीकडून चिमटा येतो. आज चिमटा आला नव्हता. आज सगळ्यात आधी पडद्यावर आडवं, तपकिरी, ओंडक्यासारखं काहीतरी दिसलं होतं.

ती लिंबाची काडी होती. मायूच्या कानातली.

मी मांडीवरचा टॅब उघडला. सेटिंगमध्ये गेले. घाईत दोनदा भलतंच उघडलं. पेनड्राइव्ह लावताना सरांनी ओटीजी चालू केलं होतं आणि तसंच ठेवून ते गाडीकडे गेले होते. बटण निळं होतं.

"सर, ते खरं होतं."

"काय?"

"त्या मुलीच्या कानात खरंच अळ्या आहेत. मी कापूस कोंबून बांधलाय वर. गाडी वळवा."

त्यांनी गाडी वळवली नाही. बाजूला घेतली तेवढी. टॅब बघितला, बटण बंद केलं आणि मला म्हणाले, "आपलं तेल गेलंय ना आत? मरतील तेलानं. मेंढपाळांची पोरं काटक असतात. आणि परत जाऊन सांगणार काय? की आधीचं सगळं खोटं होतं आणि एवढं एक खरं? लोक आपल्याला तिथंच तुडवतील."

"तिला दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"तिची आई नेईल. तिला दिसलंय ना डोळ्यांनी?"

मी गप्प बसले. हे लिहिताना मला तो गप्पपणा सगळ्यात जास्त घाण वाटतो. त्या अळ्यांपेक्षाही. अळ्यांना काही कळत नव्हतं. मला कळत होतं, की आई नेणार नाही, कारण मीच तिला सात दिवस कोणाला दाखवू नका म्हणून बजावलं होतं. तरीही मी काच खाली केली, वारा घेतला आणि मनाशी म्हटलं, तेलानं मरतील.

पुढचे चार दिवस मी आणखी चार गावांत कोट घालून उभी राहिले. ओटीजी बंद आहे की नाही हे आता मी तासातासाला बघत होते. जेवण जात नव्हतं. भातातलं शीत दिसलं तरी ताट सारायचे. पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं, तीन नंबर लावला आणि म्हणायला तोंड उघडलं, "बघा, बाहेरून कान स्वच्छ..." पुढचं आलं नाही. मी टेबलावरच ओकले. पांढऱ्या चादरीवर, नळीच्या डबीवर, सगळीकडे.

लोक दचकून मागे सरले. रसाळ सर क्षणभरच गांगरले. मग हात वर करून त्यांनी काय म्हणावं?

"बघितलंत? सिस्टरांनासुद्धा सहन झालं नाही! इतकी घाण आपल्या कानात असते, मंडळी!"

आणि लोक बाटल्या मागायला लागले.

मी कोट काढला. तोंड त्यानंच पुसलं, पिशवीत कोंबला आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले. सर मागून हाका मारत होते. मी वळून पाहिलं नाही.

*

पाटलाच्या रानात नुसत्या लेंड्या आणि तीन दगडांची काळी चूल. पाटील बांधावर होता.

"कालच हलली की मेंढरं," तो म्हणाला. "कॅनॉलच्या कडंनं गेल्यात खाली. काय काम हुतं?"

मी कॅनॉलच्या कडेनं चालत निघाले. ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेवर ताज्या लेंड्या दिसल्या की हायसं वाटायचं. आयुष्यात लेंड्या बघून मला बरं वाटेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

तासाभरानं घोड्यांच्या पाठीवरून उतरवलेलं बिऱ्हाड दिसलं. बाभळीच्या सावलीत घोंगडीवर मायू पडली होती, पाय पोटाशी घेऊन. डोक्याची चिंधी तशीच होती. मी बांधलेली गाठही तीच.

सुंदराबाईनं मला लांबूनच ओळखलं आणि ती धावतच आली.

"सिस्टर! आवं, एवढ्या लांब चालत? माज्या पोरीला बगायला?" तिचे डोळे भरले. "बगा गं, सिस्टर आल्या!"

"कशी आहे ती?"

"ताप हाय लई. बोलंना झालीया. तिसऱ्या रोजी वास सुटला, तवा माजी सासू म्हनली, काड त्यो कापूस, पाला घाल. पाला आनला बी व्हता तिनं. पर म्या हात लावू दिला न्हाय. म्या म्हनलं, सिस्टरनी सांगितलंय, मेंढरं आनि मानसं येक न्हाईत. सात दिस म्हंजी सात दिस. आज पाचवा हाय."

माझंच वाक्य होतं. ती ते एखाद्या मंत्रासारखं, माझ्याच सुरात म्हणून दाखवत होती. पाठीमागे बसलेली म्हातारी सासू माझ्याकडे बघत होती. तिच्या पुढ्यात वाळून गेलेला सीताफळाचा पाला पडला होता.

मी मायूजवळ बसले. रुमाल पिशवीत होता, तो काढला नाही. चिंधी सोडली आणि बोळा बोटांनीच ओढला. तो सहज आला नाही. आला तेव्हा कापूस राहिलाच नव्हता त्याचा. हिरवट, तांबूस, लिबलिबीत गोळा होता आणि तो माझ्या तळहातावर हलत होता. मागोमाग कानातून दोन बाहेर आल्या आणि मायूच्या गालावरून खाली सरकायला लागल्या. वास असा, की लांबच्या कुत्र्यानंसुद्धा मान वर केली.

मला ओकारी आली नाही. मी वाट बघत होते, पण आली नाही. मी त्या दोन अळ्या तिच्या गालावरून बोटांनी उचलल्या. त्यांची किळस यायला माझ्यात जागाच उरली नव्हती, ती सगळी मलाच माझी येत होती.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं हिला," मी म्हटलं.

"पर सात दिस..."

"सात दिवस विसरा, सुंदराबाई. मी सांगतेय ना."

"बरं," ती म्हणाली. मी सांगतेय म्हटल्यावर ती लगेच उठली, तेव्हाही.

*

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मायूला बघितलं आणि आम्हाला एक शब्द न विचारता आत घेतलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. सुंदराबाईनं पदरच्या गाठोड्यातून भाकरीचा तुकडा काढला, मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. तिच्या नखांत माती होती. मी तो घेतला आणि खाल्ला.

खूप वेळानं आम्हाला आत बोलावलं. मायू उजव्या कुशीवर निजली होती, डाव्या कानावर स्वच्छ पांढरी पट्टी. पलंगाशेजारी स्टीलच्या वाटीत औषधाच्या पाण्यात सगळ्या पडल्या होत्या. आता हलत नव्हत्या.

"पोरीचा जीव वाचलाय," डॉक्टरीणबाई सुंदराबाईला म्हणाल्या. "अजून दोन दिवस गेले असते तर आत मेंदूपर्यंत पोचलं असतं. पण कानाचा पडदा खाऊन टाकलाय त्यांनी. आतली हाडंही. ह्या कानानं तिला ऐकू येईल असं मला वाटत नाही."

सुंदराबाईला ते पुरतं कळलं नसावं. म्हणून त्यांनी खिशातून आपला फोन काढला. त्याला एक बारीक वायर जोडलेली होती, टोकाला नळी. हुबेहूब आमच्यासारखी. तोच रंग, तसेच टोकाचे दिवे.

"काढायच्या आधी मी हे रेकॉर्ड केलंय," त्या म्हणाल्या. "बघा आई, हे होतं तिच्या कानात."

पडद्यावर तेच होतं. पहिल्यांदा लिंबाची काडी, मग लाल, मग पांढरं.

"आमी बगितलंय की ह्ये," सुंदराबाई म्हणाली. तिला उलट मोठेपणा वाटत होता. "ह्या सिस्टरनी पाच रोजामागं दावलं व्हतं. ह्याच्याहून मोठ्या पडद्याव. समद्या गावानं बगितलं. मंग औशिद घालून वर कापूस बी बांदला."

डॉक्टरीणबाईंनी फोन खाली केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही सिस्टर आहात?"

"नाही."

"पाच दिवसांपूर्वी हे तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"आणि तरी तुम्ही वर कापूस बांधलात?"

"मला वाटलं, खोटं आहे."

"खोटं म्हणजे? तुमच्याच कॅमेऱ्यात दिसलं ना?"

मी कॅमेऱ्याचं, व्हिडिओचं, ओटीजीचं, सगळं सांगायला तोंड उघडलं. पण त्याआधी सुंदराबाईच हसली आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिला वाटलं, मी उगाच स्वतःला बोल लावून घेतेय.

"खोटं कसं आसंल, सिस्टर? वायर लावून तुमीच तर दावलं."

ते सगळं मी नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, घरी सांगितलं. रसाळ सर तोवर तिसऱ्या तालुक्यात गेले होते. त्यांचं पुढे काय व्हायचं ते झालं, माझंही. त्याला आता अकरा वर्षं झाली. आज माझी स्वतःची मुलगी टॅबला माइक जोडते, पेनड्राइव्ह जोडते, आणि "आई, ओटीजी चालू करून दे गं" म्हणते. मी चालू करून देते. मग बेसिनपाशी जाऊन हात धुते.

सुंदराबाईला मात्र मी त्याच दिवशी, तिथंच सांगितलं. व्हिडिओ, चार नंबर, तेल, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती थुंकली असती, मला मारलं असतं, तर फार बरं झालं असतं. ती नुसती वाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी म्या म्हनलं ते बराबर व्हतं. त्या आळ्याच व्हत्या."

"हो."

"आनि पाला बी चालला आसता."

"निदान कापसापेक्षा तरी बरा."

मी उठले. जाण्याआधी मायूला काहीतरी म्हणायला हवं होतं, माफी तरी. मी पलंगावर वाकले आणि हाक मारली, "मायू."

मायू जागी होती. डोळे उघडे, भिंतीकडे. तिनं बघितलं नाही. मी आणखी जवळ गेले आणि परत हाक मारली.

सुंदराबाई उठली. तिनं लेकीच्या मानेखाली हात घातला आणि तिचं डोकं अलगद दुसऱ्या बाजूला वळवलं.

"त्या कानात न्हाय, बाई," ती मला म्हणाली. सिस्टर म्हणाली नाही. "ह्या कानात बोला. त्यो बंद झालाय."